मिठाकडे गेलेलं साळिंदर

घरात पाचवी मुलगी झाली तेव्हा बापाने बाळाचं तोंडही न बघता नाव ठेवून टाकलं, मोसेत्सानागापे. म्हणजे ‘पुन्हा मुलगीच’. एवढं लांबलचक नाव घेऊन हाक मारायला कुणाला सवड आहे? लोकांनी शेवटचं ‘गापे’ तेवढं ठेवलं. पुन्हा. बापाची निराशा अशी जन्मभर हाक होऊन तिच्या मागे फिरली, पण गापेने ती कधी मनाला लावून घेतली नाही. “माझ्यानंतर आई थांबली,” ती सांगायची, “म्हणजे माझ्यावर तिचं समाधान झालं असणार.”

नजर जाईल तिथवर पसरलेल्या मिठाच्या सपाटीकाठच्या आमच्या गावात बाईची पारख अंगणावरून होते, चेहरा नंतर. सूर्य वर यायच्या आत वाळू झाडून झालेली हवी, आणि खराट्याच्या कमानी एकाला एक लागून, माशाच्या खवल्यांसारख्या दिसायला हव्या. नाही दिसल्या तर पाणी भरायला जाणाऱ्या बायका कुंपणाशी जरा हळू चालतात आणि नाक मुरडून पुढे जातात. दुपारपर्यंत गावभर होतं.

गापेची आई याबाबतीत फार कडक. खराटा हातात देण्याआधी ती लेकीला दारात उभी करायची आणि विचारायची, “काल रात्री कोण कोण येऊन गेलं?” वाळूत पाहून सांगायचं. बकरी, कुत्रा, साप गेला असेल तर कुठून आला आणि कुठे शिरला. सगळं सांगून झालं की मगच पुसायचं. सात वर्षांची असताना गापेने एकदा भल्या पहाटे खणखणीत आवाजात सांगितलं होतं, “बकरी आली होती, शेजारचा कुत्रा आला होता, आणि मामा पलीकडच्या विधवाबाईंच्या कुंपणातून घरी आलेत. एका पायात चप्पल नाही.” मामा तेव्हा चुलीपाशी चहा पीत बसले होते. त्याच वर्षी त्यांना आठ गायी देऊन त्या बाईंशी लग्न करावं लागलं. ती मामी आजही गापेला सगळ्यांच्या आधी वाढते.

हीच गापे पुढे बावीस वर्षं कॅम्पवर होती. कॅम्प म्हणजे मिठाच्या काठावरचे, पाहुण्यांसाठीचे बारा तंबू. आमच्याकडे माणसाला चार पैसे मिळाले की तो आधी विटांचं घर बांधतो. जगात मात्र असे श्रीमंत आहेत की ज्यांची श्रीमंती कळसाला पोचली की ते तंबूत झोपायला येतात. तंबूत गालिचे, पितळी घंगाळं, पलंगावर चार खांब, लिहायला मेज, आणि पाय गार पडू नयेत म्हणून कापडी सपाता. तंबूंमधल्या वाळूच्या वाटा झाडायचं काम गापेचं. पाहुणे सकाळी बाहेर येऊन त्या कमानी पाहायचे आणि वाळूवर पाऊल टाकायला संकोचायचे. गापे दुरून ते बघायची. पगार महिन्याला मिळायचा, पण हे तिला रोज मिळायचं.

फक्त एक नियम होता. आधी थेबेने फिरून यायचं, मग गापेने झाडायचं. थेबे हा कॅम्पचा माग काढणारा. कॅम्पला कुंपण नाही, त्यामुळे रात्री कोणतं जनावर तंबूंपर्यंत आलं होतं ते त्याला उजाडताच वाळूत पाहावं लागे. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेली, आणि बावीस वर्षांत एक सकाळ अशी गेली नाही की त्यांची जुंपली नाही.

“तुझा खराटा म्हणजे माझ्या पोटावर पाय,” थेबे म्हणायचा.

“तुझं वाचून झालं की रद्दी उचलायला कुणीतरी हवंच ना,” गापे म्हणायची.

मग त्या हिवाळ्यात कॅम्पची नवी व्यवस्थापक बोनोलो हिने चटई आणली. बोनोलो राजधानीत शिकलेली, तिशीची, कामाला वाघ आणि मनाने वाईट नाही. चटई म्हणजे रबराची जाड जाळी. छोट्या गाडीमागे बांधून ओढली की सगळ्या वाटा अर्ध्या तासात साफ.

“मावशी, तुमची कंबर वाचेल,” बोनोलो म्हणाली.

“माझी कंबर तुझ्याकडे तक्रार घेऊन आली होती का गं?”

“तसं नाही हो. पुढच्या महिन्यापासून तुम्ही आत कपड्यांच्या घड्या घालायला या. सावलीतलं काम आहे.”

गापे काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिच्यापासून चार हात लांब राहावं, हे थेबेला माहीत होतं. बोनोलोला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पचे फोटो काढायला दोन माणसं येणार होती. गापेने मनाशी ठरवलं, यांना दाखवूनच देते. उद्या सूर्य उगवेल तेव्हा सगळा कॅम्प, या टोकापासून त्या टोकापर्यंत, घासलेल्या ताटासारखा दिसला पाहिजे. बघू यांची चटई काय करते ते.

ती चार वाजताच उठली. थंडी अशी की खराट्याची मूठ हाताला चावत होती. डोक्याला पट्ट्याने दिवा बांधला, आणि थेबेची वाट न पाहता ती झाडत सुटली. दोन तासांत बाराही तंबूंच्या वाटा, त्यांच्या मागच्या बाजू, आणि नेहमीच्या हद्दीपलीकडे आणखी वीस-वीस पावलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती वाचण्यासाठी थांबली नाही. डोळ्यांना दिसत होतं, पण डोक्यात चटई होती. काम झाल्यावर ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि स्वतःशीच हसली. गर्वाचं घर खाली असतं म्हणतात, पण ते पडेपर्यंत वरून दिसतं मात्र छान.

सहा वाजता चहा देणारी मुलगी सहा नंबरच्या तंबूशी गेली. तंबूला दार नाही, मग टकटक कुठे करणार? आमच्याकडे कुंपणाशी उभं राहून म्हणतात तसं ती “को-को” म्हणाली. आतून उत्तर नाही. पडद्याची चेन उघडी होती. एका पलंगावर पाहुणी बाई गाढ झोपलेली, दुसरा पलंग रिकामा.

पाच मिनिटांत सगळा कॅम्प जागा झाला. बाईचं नाव आनेलीस, वडिलांचं वीलम, वय एकोणऐंशी. आनेलीस कोटाखाली झोपायच्या कपड्यांतच उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. बोनोलोने विचारलं, “त्यांना फिरायची सवय आहे का?”

“मी तुम्हाला सांगितलं नाही,” आनेलीस म्हणाली. “बाबांना आठवत नाही. कुठे आहोत, कोण आहोत, काही नाही. सांगितलं असतं तर तुम्ही येऊ दिलं नसतं. त्यांना एकदा हे बघायचं होतं. चाळीस वर्षं पोस्टमन होते ते. अजूनही पहाटे उठतात आणि निघतात. घरी मी दाराला कुलूप लावते. इथे... इथे दारच नाही.”

दोन दिवसांपूर्वीच पूर्वेला सिंहाचा आवाज आला होता. ते तिला कुणी सांगितलं नाही.

थेबे कंदील घेऊन तंबूच्या मागे गेला आणि तसाच उभा राहिला. मग पुढे, मग बाजूला. जिकडे पाहावं तिकडे कमानी, खवल्यांसारख्या, एकाला एक लागून. माणसाचं सोडा, मुंगीचं पाऊल नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो गापेशी भांडला नाही.

“गापे,” तो हळू म्हणाला, “आज काहीच ठेवलं नाहीस गं.”

गापेच्या तोंडचं पाणी पळालं. एक माणूस काळोखात चालत गेला होता, तो कुठे गेला हे वाळूने लिहून ठेवलं होतं, आणि तिने ते आपल्या हाताने पुसलं होतं. कशासाठी? तर एका रबराच्या जाळीवर कुरघोडी करायची म्हणून. म्हातारा मेला तर तो सिंहाने मारला नाही, थंडीने मारला नाही. तिने मारला.

“झाडलेल्याच्या बाहेर बघू या ना,” बोनोलो म्हणाली. “कडेने गोल फिरलं तर पावलं सापडतीलच की.”

“तीन बाजूंना रात्रभर गुरं फिरलीत,” थेबे म्हणाला. “खालच्या गोठ्याची. सगळं गवत तुडवलंय. चौथ्या बाजूला मीठ आहे, दगडासारखं. कुठे बोटभर पापुद्रा फुटलाय ते शोधायचं म्हणजे दुपार होईल. मला नुसती दिशा द्या. दिशा मिळाली तर मी माणूस आणतो.”

बोनोलोने तीन गाड्या तीन बाजूंना पाठवल्या. आनेलीस पहिल्या गाडीत धावतच बसली. आणि थेबे गापेसमोर येऊन उभा राहिला.

“तू पाहिलंयस.”

“नाही रे थेबे. मी पाहत नव्हते. शपथ, मी रागात होते.”

“राग डोक्यात असतो. डोळे तर उघडेच होते ना? खराटा घे. जिथून सुरू केलंस तिथून चाल. झाडू नकोस, नुसता हात फिरव.”

लोक काय म्हणतील याची पर्वा करायची ती वेळ नव्हती. गापेने खराटा घेतला आणि झाडलेल्या वाळूवरून हवेतच झाडत निघाली. एक नंबर. दोन नंबर, इथे सशाच्या उड्या होत्या. तीन. चार नंबरच्या पायरीशी बिडाच्या भांड्यासारखा गोल ठसा, कुणाची तरी बादली. थेबे मागून चालत होता. पाच. हात आपोआप डावीकडून उजवीकडे जात होता, आणि प्रत्येक फटकाऱ्यासरशी खालून काहीतरी वर येत होतं, तिने न पाहता पाहिलेलं. सहा नंबरच्या मागे, वाकड्या ताडाशी, ती एकदम थांबली.

“इथे साळिंदर होतं,” ती म्हणाली.

“साळिंदर?”

“पसरट पंजे, फरपटलेले. आणि मागे रेघाच रेघा, काटे घासल्यासारख्या. मी मनात शिवी दिली. मेलं रोज स्वयंपाकघराच्या मागे उकरून ठेवतं ना! पण...”

“पण काय?”

“ते स्वयंपाकघराकडे जात नव्हतं. मिठाकडे चाललं होतं.” गापेने थेबेकडे पाहिलं. “मला तेव्हाच वाटलं होतं, साळिंदर मिठाकडे कशाला जाईल? तिथे खायला काय आहे त्याला? असं वाटलं, आणि मी पुसून पुढे गेले.”

थेबे तंबूत शिरला आणि लगेच बाहेर आला. पलंगाखालच्या सपाता नव्हत्या, आणि पायथ्याचं झालरीचं पांघरूण नव्हतं. कापडी सपातांचा तळवा गुळगुळीत, त्याला नक्षी कुठली? आणि खांद्यावरून घेतलेल्या पांघरुणाची झालर मागे वाळूत घासत गेलेली.

“काय पण साळिंदर!” थेबे म्हणाला, आणि पळत सुटला.

मिठावर चालणं म्हणजे भाजलेल्या पापडावर चालणं. थेबे वाकून पुढे, गापे मागे, आणि तिच्या मागे रेडिओ कानाला लावलेली बोनोलो, शहरी बूट घालून. इथे पापुद्रा नखाएवढा फुटलेला. तिथे झालरीचा एक धागा. थेबेला आता दुसऱ्या कुणाची गरज नव्हती, पण त्याने गापेला मागे वळायला सांगितलं नाही. सूर्य वर आला, थंडी गेली, मीठ चमकायला लागलं. दोन तास गेले. गापे चालता चालता मनातल्या मनात आपल्या आजोबा-पणजोबांना, आईला, आईच्या आईला, ज्यांची ज्यांची नावं आठवली त्यांना सांगत होती: एवढं एकदा करा, मी घड्याच काय, हयातभर लोकांचे पायमोजे धुवीन, पण एवढं करा.

मग थेबे थांबला आणि हात वर केला.

समोर मातीचा एक उंचवटा होता. त्यावर म्हातारा बसला होता, पांघरूण गुंडाळून, ताठ, सूर्याकडे तोंड करून. त्याच्या आजूबाजूला मीरकॅटांचं आख्खं कुटुंब मागच्या पायांवर उभं राहून पोटं शेकत होतं. मुंगसाचीच भावंडं ती, सकाळी त्यांना उंच जागा लागते टेहळणीला. त्यातलं एक म्हाताऱ्याच्या खांद्यावर उभं होतं आणि एक चक्क डोक्यावर, टोपीवर. म्हातारा मान हलवत नव्हता. पाहुण्यांची गैरसोय करू नये इतपत शहाणपण त्याच्याकडे शिल्लक होतं.

गापेचा जीव भांड्यात पडला. पडला तो इतक्या जोरात पडला की ती मिठावर मटकन बसली आणि आधी रडली, मग हसायला लागली, मग दोन्ही एकदम. बोनोलो रेडिओत काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती, पण तिच्या तोंडून नुसतं “आहेत, आहेत, आहेत” एवढंच निघत होतं.

थेबे पुढे झाला, म्हाताऱ्याशी बोलला, हात धरला. म्हातारा उठेना. आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. पांघरुणाखाली त्याने काहीतरी घट्ट धरलं होतं. थेबेने पुन्हा हात दिला, बोनोलोने गोड बोलून पाहिलं. म्हातारा दोघांच्या पलीकडे, लांब बघत राहिला, जणू त्या पांढऱ्या सपाटीवर एखादं दार शोधत होता.

तेवढ्यात पूर्वेची गाडी फिरून मिठाच्या काठाला आली आणि आनेलीस उतरून धावत सुटली. ती पोचली तेव्हा तिला बोलायला दम नव्हता. वडील पुन्हा तेच म्हणाले.

“काय म्हणतायत?” बोनोलोने विचारलं.

“म्हणतायत,” आनेलीस छाती धरून म्हणाली, “शेवटचं घर सापडत नाहीये. एक पत्र राहिलंय.”

गापे उठली. घागरा झटकला, डोक्याचा रुमाल नीट केला, आणि उंचवट्यापासून चार पावलांवर, कुंपण असतं तर जिथे असतं तिथे, उभी राहिली. घरमालकिणीने उभं राहावं तशी. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या जनावराला हळूच खाली उतरवलं, पांघरुणातून एक कागद काढला आणि पुढे केला. गापेने तो आमच्या रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी घेतला आणि गुडघे किंचित वाकवून म्हणाली, “आभारी आहे हं, बाबा. फार लांब चालावं लागलं तुम्हाला.”

म्हाताऱ्याने टोपीला हात लावला. डोक्यावरचं मीरकॅट वैतागून उडी मारून गेलं. मग म्हातारा लेकीकडे वळला, आणि काम संपलेला माणूस बोलतो त्या आवाजात काहीतरी म्हणाला. आनेलीसने ते कुणाला सांगितलं नाही, नुसते त्याचे हात आपल्या कोटाच्या खिशात घातले. कागद होता तंबूतल्या मेजावरचा, कपडे धुवायला देण्याच्या यादीचा. सदरे शून्य, पायमोजे शून्य. सगळं कोरं.

संध्याकाळी बोनोलोने सगळ्यांना चुलीभोवती बोलावलं. शिजवून कुटलेलं मांस होतं, ज्वारीची उकड होती, पाहुण्यांकडून आलेला केकही होता. बोनोलोने सांगितलं की गापे मावशी नसत्या तर आज काय झालं असतं देव जाणे, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आनेलीस पुढे येऊन तिचे हात धरायला लागली. थेबे ताटात बघत होता. त्याने काहीच सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हता. गप्प बसली असती तर गापे जन्मभर त्या टाळ्यांवर जगू शकली असती.

“थांबा,” गापे म्हणाली. “टाळ्या कसल्या वाजवता? त्याची पावलं मीच पुसली. नियम मोडून, अंधारात, न बघता. या पोरीला तिच्या चटईची जिरवून दाखवायची म्हणून. सापडला तो माझ्यामुळे नाही. माझ्यामुळे हरवत होता.”

चुलीत लाकूड तडकलं.

“आणि मी लपवलं,” आनेलीस म्हणाली. “तुम्ही पुसलंत, पण मी तर इथे येतानाच बाबांबद्दल काही लिहिलं नव्हतं.”

“झालं का दोघींचं?” बोनोलो म्हणाली. “मग ऐका. उद्यापासून थेबे मामांनी हो म्हटल्याशिवाय खराटा लागणार नाही. आणि चटई तर लागणारच नाही. चटई न वाचता पुसते.”

“मग ती चटई द्या मला,” थेबे म्हणाला. “माझ्या कुत्र्याला थंडी वाजते.” आणि मग कुठे लोक हसले आणि जेवायला लागले.

बापलेक आणखी तीन दिवस राहिली. रोज पहाटे वीलम उठायचा तेव्हा गापे तंबूबाहेर उभी असायची. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात धुण्याच्या याद्यांचा गठ्ठा. दोघं मिळून बारा तंबूंना टपाल वाटायची. पाहुणेही असे मजेदार निघाले की दाराशी येऊन दोन्ही हातांनी कागद घ्यायला शिकले. शेवटचं घर रोज गापेचंच, तंबूंमागची तिची खोली, आणि तिथे पोचवलं की म्हातारा टोपीला हात लावून झोपायला परत जायचा. आनेलीसने एक मागणं मागितलं होतं: ही एक वाट, सहा नंबरपासूनची, आम्ही असेतो झाडू नका. गापेने जन्मात अंगण तसं ठेवलं नव्हतं. येताजाता पाहून तिच्या हाताला खाज सुटायची, पण तिने ठेवलं.

चौथ्या सकाळी त्यांचं छोटं विमान उडून गेलं. थेबे येऊन “हो” म्हणून गेला तरी गापेने लगेच सुरुवात केली नाही. ती त्या वाटेच्या कडेकडेने चालत गेली, सहा नंबरपासून शेवटच्या घरापर्यंत, आणि परत. तीन दिवसांची गुळगुळीत, फरपटलेली पावलं होती, एकमेकांवर चढलेली, आणि शेजारी तिची स्वतःची. तिने एकेक पाऊल नीट पाहिलं. जितक्या वेळा ती पावलं बाहेर गेली होती, तितक्या वेळा घरी आली होती. एकदाही नुसती गेलेली नव्हती.

मग तिने झाडायला घेतलं.